वॉलेसचा किल्ट कोणी नेसावा याविषयी

मी, इशबेल रँकिन, माहेरची बुकन, वय वर्षे एक्याऐंशी, पुरुषांनी नेसायचे निऱ्यांचे किल्ट शिवण्याचा धंदा करणारी, राहणार १४, मिल वाइंड, किनलारक, पर्थशर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टर पर्व्हिस यांनी मंगळवारी दिला. त्यांनी मला तारीख विचारली, आणि शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले. मी एक्कावन्नपर्यंत आले तेव्हा त्यांना म्हटले, "डॉक्टर, आठ वार कापडात सत्तावीस निऱ्या बसवणारी बाई आहे मी. वजाबाकी कसली विचारता?" त्यांनी तिथेच सही केली.

अक्षर वाकडे दिसले तर ते वयामुळे समजावे, भीतीमुळे नव्हे. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. उलट माझ्या वकीलबाई मिस लोरिमर यांनी एक छापील नमुना आणून दिला होता. त्यात प्रत्येक वस्तूसाठी दोनच ओळी सोडलेल्या होत्या, म्हणून मी तो परत केला. त्या म्हणाल्या, "रँकिनबाई, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नाहीत." मी म्हटले, "मग लोकांना कळायचं कसं, कोणाला काय आणि का दिलं ते?" त्यावर त्यांनी कोरे कागद काढून दिले.

कलम १. यापूर्वी २००९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात माझा थोरला भाऊ गॅव्हिन बुकन याने माझ्या अंत्यविधीला येऊ नये असे एक कलम होते. ते कलम बाकी सगळ्यांच्या आधी रद्द समजावे. त्याचे कारण सहाव्या कलमात आहे.

कलम २. मिल वाइंडवरचे राहते घर, त्यामागचे परसू आणि शेड ही सर्व माझी एकुलती एक मुलगी शोना हिची. तिला ते विकायचे असल्यास खुशाल विकावे. मी इथे साठ वर्षे राहिले म्हणून तिने डंडीहून दर महिन्याला येऊन रिकाम्या खोल्या गरम करत बसण्याचे कारण नाही. फक्त घेणाऱ्याला आधीच सांगावे की मागच्या खोलीचे छप्पर नैर्ऋत्येचा वारा असला की गळते, एरवी गळत नाही.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते, माझ्या अंत्यविधीचा खर्च वजा जाता, शोनाचे.

कलम ४. शेजारच्या मिसेस ऑकिन्लेक यांनी माझी निळी खोलगट ताटली नव्याण्णव सालच्या नाताळात नेली. "आजच आणून देते" असे त्या अधूनमधून म्हणत आल्या आहेत. ती ताटली मी त्यांना या कलमान्वये देत आहे. आता त्यांनी निर्धास्तपणे रस्त्यात भेटावे.

कलम ५. दुकानाची जागा भाड्याची आहे, पण आतले सर्व काही माझे आहे. कापायचे लांब टेबल, दोन्ही जड इस्त्र्या, मोठी कात्री, खडू, अंगुस्ताने, आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या एकोणतीस वह्या मी फेनेला डॅलग्लीश हिला देते. ती सोळा वर्षे माझ्या शेजारी बसून शिवत आहे आणि तिचा टाका आता माझ्यापेक्षा बारीक पडतो. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. मोठी कात्री कागदाला लावू नये. लावली तर मला कळणार नाही हे खरे, पण तिला कळेल.

फेनेलाने एक शिरस्ता मात्र पाळावा. किल्ट न्यायला आलेल्या माणसाला तो नेसवून, आरशापुढे उभा करून, मग दुकानाबाहेर पाठवून रस्त्याच्या टोकापर्यंत चालवून आणायचे. त्याशिवाय किल्ट बांधून द्यायचा नाही. निऱ्या मागे, सपाट भाग पुढे, उघडी कड उजवीकडे, खालची किनार गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर, हे सगळे कोणीही सांगेल. पुढची पिन फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांना टोचली की कापड फाटते, हेही सांगता येते. पण किल्ट नेसून चालायचे कसे हे सांगून कळत नाही. गेल्या वर्षी एक नवरदेव आला होता, चांगला सहा फुटांचा. दारातून बाहेर पडला आणि पुढून दोन्ही हातांनी किल्ट धरून उभा राहिला.

"वारा आहे हो बाई," तो म्हणाला.

"वाऱ्यासाठीच आठ वार कापड घातलंय. हात सोड."

"लोक विचारतात, आत काय घातलंय म्हणून."

"विचारू देत. त्यांना सांग, आत मी आहे. आणि चालायला लाग."

तो गेला आणि आला. येताना हात मोकळे होते. बसताना मागचा घोळ हाताने सावरून बसायचे, तेही त्याला तीन वेळा करायला लावले. किल्ट नेसून पिऊन लोळणाऱ्याला आणि थट्टेसाठी वर उचलून दाखवणाऱ्याला माझ्या दुकानातून दुसरा किल्ट कधी मिळाला नाही. फेनेलाही देणार नाही, याची मला खात्री आहे.

कलम ६. हे कलम माझा नवरा वॉलेस रँकिन याच्या किल्टविषयी आहे आणि हेच लिहायला मी बसले आहे.

हा किल्ट मी १९६२ साली शिवला, आमचे लग्न व्हायच्या आदल्या वर्षी. गडद हिरवे आणि निळे कापड, त्यात बारीक पांढरी रेघ; प्रत्येक घराण्याची चौकडी वेगळी असते, ही रँकिन घराण्याची. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने शिवलेला हा पहिला किल्ट. माझ्या गुरू मिस हॅल्डेन यांनी त्याची मागची बाजू दोनदा उसवली आणि तिसऱ्यांदा काही न बोलता माझ्या हातात दिली.

वॉलेस लाकूड कापण्याच्या गिरणीत कामाला होता. किल्टमध्ये तो फार देखणा दिसे अशातला भाग नाही. त्याच्या पिंडऱ्या बारीक होत्या. पण लग्न असो, बारसे असो, जुलैतल्या गावच्या वार्षिक खेळांची मिरवणूक असो, तो किल्ट नेसला की कधी खाली वाकून स्वतःकडे बघत नसे. मी एकदा विचारले तर म्हणाला, "आपण खाली बघितलं की सगळा रस्ता खाली बघतो." इतके साधे होते त्याचे.

१९७४ च्या मार्चमध्ये गिरणीत एक ओंडका घसरला. चूक कोणाची नव्हती. वॉलेसचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शरद ऋतूपर्यंत तो लाकडी पायावर चालायला शिकला. तो पाय लाकूड आणि चामड्याचा होता, मांडीला पट्ट्यांनी बांधायचा, आणि चालताना बिजागरीसारखा कुरकुरे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, एका रविवारी चर्चनंतर, गॅव्हिन घरी आला. तो तेव्हा आमच्या गावच्या खेळांचा मानद चिटणीस होता. मिरवणुकीची यादी तोच करी. वॉलेस मागे शेडमध्ये होता. गॅव्हिनने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इशबेल, एक सांगायचं होतं. मिरवणुकीचं."

"सांग की."

"वॉलेस या वर्षी पॅन्ट घालून आला तर बरं होईल. नाहीतर मंडपात खुर्चीवर बसू दे त्याला. लांबलांबून पाहुणे येतात, लहान पोरं असतात. लोक खेळ बघायला येतात, इस्पितळ बघायला नाही."

मी त्याला हाकलून द्यायला हवे होते. मी त्याच्या कपात चहा ओतला. माझ्या हातची दोन बिस्किटे खाऊन तो गेला.

इथपर्यंतची हकिकत गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच ती सगळ्यांना सांगितली. गॅव्हिनच्या त्या एका वाक्यामुळे वॉलेसचा किल्ट पेटीत गेला, असे मी एकोणपन्नास वर्षे सांगत आले. शोना लहानपणी विचारी, "बाबा आता किल्ट का नेसत नाहीत?" मी म्हणे, "तुझ्या मामाला विचार." तिने मामाला कधी विचारले नाही, पण मामाशी धड बोललीही नाही.

आता पुढची हकिकत, जी मी कोणालाच सांगितलेली नाही.

वॉलेसने गॅव्हिनचे बोलणे ऐकले होते. तो मागच्या दारात उभा होता. गॅव्हिन गेल्यावर तो आत आला, हात धुतले आणि म्हणाला, "येतो म्हणावं त्याला. किल्ट नेसूनच येतो. यादीत नाव आहे ना माझं?"

"आहे," मी म्हटले.

"मग झालं तर."

त्याला ते बोलणे लागले नव्हते. किंवा लागले असले तरी तो चालणार होता. खेळांच्या आधीच्या गुरुवारी दुपारी त्याने माझ्याकडे किल्ट मागितला. पेटी आमच्या झोपायच्या खोलीत होती आणि मी तिच्यापुढे उभी होते. त्या क्षणी मला सगळी हाय स्ट्रीट डोळ्यांपुढे दिसली. लोक आधी त्या चामडी पट्ट्यांकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील, आणि सोमवारी दुकानात माझ्याशी हळू आवाजात बोलतील. किल्ट शिवणाऱ्या बाईचा नवरा असा. मला ते सोसवले नसते. गॅव्हिनने जे तोंडाने म्हटले ते माझ्या पोटात आधीपासून होते.

मी म्हटले, "वॉलेस, कसर लागली रे त्याला. मागच्या सगळ्या निऱ्या गेल्या. तुला सांगवेना मला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"दुसरा होईल?"

"इतक्यात कसा होईल? हातात कामं किती आहेत बघतोस ना."

"बरं," तो म्हणाला.

तो करड्या पॅन्टमध्ये गेला आणि मंडपात खुर्चीवर बसला. दुसऱ्या किल्टचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. त्या अकरा वर्षांत मी दुसऱ्यांच्या नवऱ्यांसाठी, भावांसाठी, मुलांसाठी चारशेच्या वर किल्ट शिवले. माझ्या वह्या आहेत, मोजून पाहावेत. त्यात रँकिन हे नाव नाही.

१९८६ च्या मे महिन्यात शोनाचे लग्न ठरले. माझ्या आईची लेस शोधायला तिने वरच्या खोलीतली पेटी उघडली. मी आणि वॉलेस खाली होतो, तो बुटांना पॉलिश करत होता. वरून तिची हाक आली.

"आई! बाबांचा किल्ट इथेच आहे की! अगदी कोरा!"

वॉलेसने ब्रश खाली ठेवला. एक एक पायरी करत तो वर गेला, मी त्याच्या मागे. त्याने किल्ट खिडकीपाशी नेला आणि एकेक निरी उलटून उजेडात पाहिली. सत्तावीसच्या सत्तावीस. आम्ही दोघी उभ्या होतो.

मग तो म्हणाला, "कसर मोठी शहाणी निघाली. एकही भोक न पाडता खाऊन गेली."

शोना हसली. तिला काही ठाऊक नव्हते. वॉलेस माझ्याकडे वळला. "शनिवारी हाच नेसेन म्हणतो. तुझी काही हरकत?"

मी म्हटले, "लांबी बघावी लागेल."

किल्टची लांबी गुडघ्यांवर बसवून बघतात. किनार जमिनीपासून एक इंच वर राहायला हवी. वॉलेस पलंगाचा कठडा धरून सावकाश गुडघ्यांवर बसला आणि मी टेप घेऊन त्याच्याजवळ वाकले. किनार बरोबर एक इंच वर होती. माझे तोंड त्याच्या कानाशी होते. तेव्हा मी क्षमा मागायला हवी होती. मी म्हटले, "बक्कल दोन बोटं सरकवावं लागेल."

"बारा वर्षांत माणूस सुटतोच," तो म्हणाला. "सरकव."

त्यावर आम्ही पुढे एकवीस वर्षे संसार केला आणि त्याने कसरीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता तर मला बरे वाटले असते.

शनिवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. वधू आणि तिचा बाप घरापासून चर्चपर्यंत पायी जाणार, पुढे बॅगपाइप वाजवणारा, मागे आम्ही, असे ठरले होते. मी लोकरीचे दोन मोजे विणून ठेवले होते. वॉलेसने एकच घातला. "दुसऱ्याला थंडी वाजत नाही," तो म्हणाला. लाकडी पाय तसाच उघडा राहिला, पट्ट्या, बिजागरी, सगळे. बोलायचा हक्क मी गमावला होता.

हाय स्ट्रीटवर लोक दारात येऊन उभे होते. टाळ्या आल्या, मग थोड्या कमी झाल्या. खाटकाच्या दुकानाच्या पायरीवर एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. ती मोठ्यांदा म्हणाली, "आई, त्या काकांचा पाय कसला आहे?" आईने तिला मागे ओढले. वॉलेस थांबला, म्हणून शोना थांबली, म्हणून आम्ही सगळे थांबलो. त्याने काठीने पायावर टकटक केले.

"लाकडाचा. ऐकलंस?"

"दुखतो?" मुलीने विचारले.

"हा नाही दुखत. तो दुसरा दुखतो. सगळं काम एकट्यावर पडतं ना."

लोक हसले, आणि ते हसणे चांगले होते. त्यानंतर कोणी त्याच्या पायाकडे चोरून बघितले नाही. ज्यांना बघायचे होते त्यांनी सरळ बघितले. मी मात्र चाललेल्या माणसाकडे बघत होते. सत्तावीस निऱ्या मागून डोलत होत्या आणि तो खाली बघत नव्हता.

चर्चच्या फाटकाजवळ चढ आहे आणि तिथले दगड गुळगुळीत झालेले आहेत. तिथे त्याची काठी सरकली आणि तो पडला. पडताना त्याचा हात आधाराला गेला नाही, किल्टच्या पुढच्या पदरावर गेला. पदर धरून तो ओल्या दगडांवर बसला, पाठ ताठ ठेवून, जसा खुर्चीवर बसावा तसा. पाइपवाला दहा पावले पुढे गेला आणि त्याचा सूर तुटला.

फाटकात गॅव्हिन उभा होता. पाहुण्यांना आत बसवायचे काम त्याच्याकडे होते, त्यामुळे अंगावर त्याचा सर्वात चांगला किल्ट, चांदीची बटणे, सगळा थाट होता. तो धावत आला आणि त्याने हात पुढे केला.

वॉलेस म्हणाला, "हात नको, गॅव्हिन." तो काठीवर आणि शोनाच्या खांद्यावर भार देऊन आपला आपण उठला. मग म्हणाला, "मागे बघ जरा. निऱ्या सरळ आहेत का?"

गॅव्हिन त्याच्या मागे गेला आणि त्या ओल्या दगडांवर एक गुडघा टेकून बसला. गावच्या खेळांचा चिटणीस, सगळ्या गावासमोर. त्याने खिशातून रुमाल काढून चिखल पुसला. मग एकेक निरी बोटात धरून जागेवर बसवली. त्याला बराच वेळ लागला, आणि वॉलेस तेवढा वेळ समोर बघत उभा राहिला.

"झालं," गॅव्हिन म्हणाला.

"मग दार उघड," वॉलेस म्हणाला.

त्या जुलैत गॅव्हिनने यादीत वॉलेसचे नाव पहिल्या रांगेत घातले, आणि पुढे प्रत्येक वर्षी. दोघे शनिवारी मासे धरायला जाऊ लागले. त्या दोघांचे मिटले. माझे मिटले नाही. गॅव्हिनला क्षमा करायची तर मला माझा वाटा सांगावा लागला असता, त्यापेक्षा राग धरून राहणे सोपे होते. २००७ साली वॉलेस छातीच्या दुखण्याने गेला. जायच्या आधी म्हणाला, "किल्ट मातीत घालू नकोस. चालणाऱ्या माणसाला दे." अंत्यविधीच्या दिवशी गॅव्हिन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "इशबेल, त्या वेळी मी जे बोललो..." मी म्हटले, "आज नको." त्याला वाटले, माझ्या मनात अजून राग आहे. मलाही त्याला तसेच वाटू द्यायचे होते. दोन वर्षांनी मी त्याला माझ्या अंत्यविधीला बंदी करणारे कलम लिहिले.

सबब मी या कलमाद्वारे नमूद करते की वॉलेस रँकिन याने १९७५ ते १९८६ किल्ट नेसला नाही, त्याचे कारण त्याची लाज नव्हे, आणि गॅव्हिनचे बोलणेही नव्हे. त्याचे कारण मी. किल्टला कसर कधीच लागली नव्हती.

किल्टची व्यवस्था अशी. माझा नातू रोरी याने तो मागितला होता. त्याला तो काचेच्या चौकटीत घालून ग्लासगोच्या घरात भिंतीवर लावायचा आहे. मुलगा प्रेमाने म्हणतो, पण भिंतीला गुडघे नसतात. म्हणून किल्ट फेनेलाच्या दुकानात राहील आणि तो कोणाच्याही मालकीचा नसेल. ज्या माणसाला किल्ट नेसायचा आहे पण आपल्या पायांची लाज वाटते, मग ते भाजलेले असोत, वाकडे असोत, काड्यांसारखे असोत किंवा लाकडाचे असोत, त्याला तो नेसायला द्यावा. पैसे घेऊ नयेत. तो रँकिन घराण्याचा आहे का, या देशात जन्मला आहे का, हे विचारू नये. एवढेच विचारावे की तो चालणार आहे की गाडीतून जाणार आहे. गाडीतून जाणाऱ्याला देऊ नये. कमरेला कापड भरपूर सोडलेले आहे, चार इंच सैल करता येते. परत येताना ब्रश मारलेला असावा.

या एप्रिलमध्ये किल्ट पहिल्यांदा बाहेर गेला. दुधाची गाडी चालवणारा इनिस मॉन्कर भावाच्या लग्नासाठी पॅन्ट शिवून घ्यायला आला होता. लहानपणी उकळते पाणी सांडून त्याचे दोन्ही पाय भाजलेले आहेत. फेनेला त्याच्याशी तासभर बोलत बसली. सोमवारी किल्ट परत करताना तो म्हणाला, "पहिला अर्धा तास वाट बघत होतो, आता कोण बघतंय पायाकडे. मग जेवण आलं, आणि मी विसरलोच."

कलम ७. रोरी याला आजोबांची चांदीच्या मुठीची काठी आणि मासेमारीचा सर्व सरंजाम. त्याने नाराज होऊ नये. किल्ट त्यालाही उसना मिळेल, पायांची लाज वाटत असल्यास.

कलम ८. मला चर्चच्या आवारात वॉलेसशेजारी पुरावे. नंतर लोकांना गरम सूप द्यावे, थंड सँडविच देऊ नयेत. गॅव्हिनने पहिल्या बाकावर बसावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शोनाने करावी. वरील सहावे कलम मी तिला काल फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, मामाचा नंबर दे."

कलम १०. हे कलम बाकी सगळे लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी जोडत आहे.

लोरिमरबाई म्हणाल्या होत्या की ज्याच्या पदरात या कागदातून काही पडत नाही असा साक्षीदार घ्यावा. म्हणून मी गॅव्हिनला बोलावले. तो आता नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात असतो. आज सकाळी अकराला त्यांची गाडी त्याला सोडून गेली. लोरिमरबाईंनी त्याला सांगितले की साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायचे असते, मजकूर वाचायची गरज नाही. मी म्हटले, "याला वाचायची गरज आहे." आणि सहावे कलम त्याच्यापुढे ठेवले.

त्याने भिंग काढले. एकदा वाचले, मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचले. चहा निवला.

"म्हणजे तो येणार होता," तो म्हणाला.

"हो."

"माझं ऐकूनसुद्धा?"

"ऐकूनसुद्धा. यादीत नाव आहे ना, एवढंच विचारलं त्याने."

गॅव्हिनने भिंग टेबलावर ठेवले. "इशबेल, एकोणपन्नास वर्षं झाली. तुझ्या दारात येताना दर वेळी मी टोपी काढून थोडा वेळ बाहेर उभा राहायचो. माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. खिडकीतून दिसायचास."

मी म्हटले, "तुला राग यायला हवा माझा."

"येतोय," तो म्हणाला. "पंच्याऐंशी झाली, हळूहळू येतो."

लोरिमरबाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. गॅव्हिनने पुन्हा पान उचलले आणि त्यावर बोट ठेवले. "पण ते इस्पितळाचं वाक्य तू ठेवलं आहेस ना? खोडू नकोस हं."

"खोडलेलं नाही."

"सगळं आपल्या अंगावर घेऊ नकोस. तुला सवय आहे, सगळं काम स्वतःच करायची."

मग तो वकीलबाईंकडे वळला. "साक्षीदाराने काय लिहायचं असतं?"

"नाव, पत्ता, सही," त्या म्हणाल्या.

"जास्त लिहिलं तर कागद बाद होतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बाद नाही होत," त्या म्हणाल्या. "आणि कागद रँकिनबाईंचा आहे."

मी त्याला माझे पेन दिले.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र पूर्ण केले. यात जे लिहिले आहे ते मला ठाऊक आहे तसे खरे आहे.

ठिकाण: किनलारक, पर्थशर
तारीख: शुक्रवार, १४ जून २०२४

(सही) इशबेल रँकिन

साक्षीदार:

(सही) जॅनेट लोरिमर, वकील, स्क्वेअर, किनलारक. इशबेल रँकिन यांनी माझ्यासमोर सही केली.

(सही) गॅव्हिन बुकन, निवृत्त, राहणार रिव्हरसाइड वृद्धाश्रम, किनलारक. माझी बहीण इशबेल हिने माझ्यासमोर सही केली. कलम सहा मी दोनदा वाचले. १९७५ सालचे ते वाक्य माझेच आहे, शब्द बरोबर उतरवले आहेत. कसर असती किंवा नसती, ते मी म्हटले होते, आणि वॉलेसच्या तोंडावर न म्हणता त्याच्या बायकोकडे म्हटले होते. त्याची माफी मी शब्दांत कधी मागितली नाही, निऱ्या सरळ केल्या तेवढेच. ती येथे मागतो.